मामाच्या हाताचा डाग

ती. गिरजाबाय, तुझ्या पाया पडतो. दाजींचा गुडघा आता काय म्हणतोय? इकडे भात झोडून झालं, म्हैस व्याली, आणि तुझ्या भावजयीचा, बाईजाचा राग सोडला तर घरात सगळं क्षेम आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस (लहानपणीही देत नव्हतीस), म्हणून शहापूरला हे पत्र.

तुझा निरोप पोचला. रविनाला हाताला धरून मांडवात आणायला आणि तिच्या पाठीशी उभं राहायला मामा म्हणून तू चुलत पंकजला सांगितलंस. माझ्या उजव्या हातावर पांढरा डाग आहे, चारचौघांत दिसेल, नवऱ्याकडचे म्हणतील हे घराण्यातच आहे, आणि जमलेलं मोडेल, असं तुझं म्हणणं. आईच्या जिवाला घोर असतोच, मला कळतं. पण बाय, फार वाईट वाटलं. पंकज चांगला आहे (उंचीनं तर माझ्यापेक्षा बराच चांगला), पण तिचा सख्खा मामा एकच, आणि कॉलेजची सगळी वर्षं ती माझ्याच घरून मुरबाडला गेली.

मग ठरवलं, डागच नको. सिद्धगडाच्या रानात बिब्बे मिळतात. परीट कपड्यावर बिब्ब्याची खूण करतो ती कापड फाटलं तरी जात नाही, मग कातड्यावरून कशी जाईल, असा मी विचार केला (असे विचार मला घरात कुणी नसतानाच सुचतात). बिब्बा तापवला, तेल काढलं आणि पांढऱ्यावर फासलं. घटकाभर झकास दिसलं. मग जी आग सुरू झाली! हात इतका सुजला की सदऱ्याच्या बाहीतून निघेना. फोड आले, आणि पांढऱ्याच्या जागी डांबरासारखा काळा चट्टा. बाईजा म्हणाली, “पांढरा व्हता तो काला केलास. आता हिरवा कर नि मोकला हो.” धसईच्या डॉक्टरांनी आधी मला झाडलं, मग मलम लावून पट्टी बांधली. म्हणाले, पांढरा डाग कुणाला लागत नाही, दुखतही नाही; हे जे दुखतंय ते तुमच्या अकलेचं.

बातमी रविनाला लागली आणि काल ती जीप धरून आली (तुला पत्रिका वाटायला जाते सांगून). आधी रडली, मग पोटभर भांडली. मी म्हटलं, डाग तो डाग, माणसानं काढायलाच हवा. तेव्हा तिनं पुढ्यातलं ताट उचलून पाठीमागचा शिक्का दाखवला. स्टेनलेस. बाय, जन्मभर मी त्या ताटात जेवलो आणि मला ते कारखानदाराचं नाव वाटायचं. ती म्हणाली, “नाय रे मामा. स्टेन म्हंजे डाग. ज्याला डाग पडत नाय ते स्टेनलेस.” एवढ्यावर थांबली असती तर मी जेवून झोपलो असतो. पण ती इंग्रजी शिकलेली. म्हणाली, या शब्दाला दोन माहेरं आहेत असं जाणते लोक मानतात. युरोपच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ रंग देणं. आणि फ्रेंचांच्या जुन्या बोलीत, रंग काढून घेणं.

माझा घास हातातच राहिला. रंग देणं आणि रंग काढून घेणं! दोन सवती एका घरात, एकाच नावानं, शेकडो वर्षं नांदताहेत आणि भांड्यावर भांडं आदळत नाही. मी विचारलं, हे कुणी ठरवलं? कुठल्या राजानं? म्हणाली, “कोनी नाय. लोकांच्या तोंडी झालं.” म्हणजे समुद्रापलीकडच्या कुणा रंगाऱ्याला, कुणा धुणाऱ्या बाईला ठाऊक होतं की रंग जातो तोही डागच आणि येतो तोही डागच. आणि माझ्या एका हातावर दोन्ही आहेत! मी ओट्यावर जाऊन बसलो तो म्हैस ओरडेपर्यंत उठलो नाही. एवढासा शब्द, रोज डाळभाताखाली पडलेला, आणि पोटात केवढं जग घेऊन बसलाय. मी सातवीत शाळा सोडली याचं मला काल पहिल्यांदा दुःख झालं. घरातली सगळी भांडी उलटी करून पाहिली (बाईजाचा राग त्याचाच आहे).

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
चंदर

ता. क. लग्नाला मी येणार, पण मागं आचाऱ्यापाशी थांबेन, चिंता करू नकोस. पंकजला एवढंच सांग की तिचा हात घट्ट धर. घाबरली की तिचे हात गार पडतात.

ता. क. आई, मी रविना. मामाचा हात सुजलाय, त्यानं सांगितलं नि सगळं पत्र मी लिहिलं. वरच्या ओळी सांगताना त्याला दोनदा पाणी प्यावं लागलं. डागाचं मी अमोलला साखरपुड्याआधीच सांगितलंय. त्याच्या आईनं इतकंच विचारलं, मामा मटण खातात ना? पंकजमामाला तू कळव, नाहीतर मी कळवते. मी चंदरमामाचा हात धरूनच मांडवात येणार. तोवर पट्टी सुटली नाही, तर पट्टीसकट.