शेवटची विचारपूस

३ फेब्रुवारी, सोमवार
आज रुजू झालो. जलशुद्धीकरण केंद्र गावाबाहेर टेकाडावर आहे आणि माझी खोली पंपघराच्या वर. खिडकीतून निवळण्याच्या चार गोल टाक्या दिसतात. पाणी इतकं संथ की ढग खाली उतरल्यासारखे वाटतात. टेबल भक्कम, खुर्ची कुरकुरी. पंपवाल्या काकांनी आल्या आल्या चहा दिला आणि बजावलं, की आधीचे साहेब कॉम्प्युटरशी बोलायचे, तुम्हीही खुशाल बोला, फक्त भांडू नका, गावाचं पाणी जातं. फार दिवसांनी मोकळा हसलो. ताईला फोन करून कळवलं की तुझ्या भावाचं बस्तान बसलं. तिचाही जीव भांड्यात पडला.

५ फेब्रुवारी, बुधवार
काम आवडलं. दर पाच मिनिटांनी गढूळपणा, क्लोरीन आणि टाक्यांची पातळी नोंदवायची. आधीच्या साहेबांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, ते बिनबोभाट करतात. मी इंटरप्रिटर उघडून त्यातली एकेक ओळ तपासतो. इंटरप्रिटर हा आपला दुभाष्या: आपण ओळ लिहायची, त्याने ऑपरेटिंग सिस्टिमच्या दाराशी जाऊन उत्तर आणायचं. डिस्कवर जागा किती, फाइल कधी बदलली, कोणते प्रोग्रॅम चालू आहेत. हुकूमही देता येतो, हा सुरू कर, तो बंद कर. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला तर पहिल्याला पालक म्हणतात आणि दुसऱ्याला मूल. प्रयोगशाळेतल्या बाई कडक आहेत, पण माझ्या नोंदी पाहून मान डोलावली त्यांनी.

१० फेब्रुवारी, सोमवार
आज चालू प्रोग्रॅमची यादी मागवली. शेवटी एक जास्तीची ओळ आली. नाव: ठमी. स्थिती: संपलेला. पालक: माझाच इंटरप्रिटर.
मी असं काही सुरू केलेलं नाही.
ठमी माझी मुलगी. घरात मी आणि तिची आई, आम्ही दोघंच तिला या नावाने हाक मारायचो. ओळीपुढे सुरू झाल्याची वेळ आहे सोळा महिन्यांपूर्वीची, दुपारी चार दहा. हे मशीन बसवून वर्षसुद्धा झालेलं नाही.
काकांना, बाईंना आडून विचारलं. माझ्या मशीनला कुणी हात लावलेला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
इंटरप्रिटर बंद केला. पालक गेला की संपलेल्या मुलाची ओळही पुसली जाते, नियमच आहे. पुन्हा उघडला. ओळ होती, आणि पालकाच्या जागी नव्या इंटरप्रिटरचा नंबर.
मी जिथे जातो तिथे ती मागोमाग येते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
लिहूनच टाकतो. ठमीला ताप होता, हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते काळजीचं कारण नाही. मी ऑफिसात सर्व्हर दुरुस्त करत होतो, फोन मुका करून. तिच्या आईच्या मोबाइलवरून ठमीचे सात फोन येऊन गेले. पहिला चार दहाचा. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. मी त्या खोलीत गेलो नाही. जिन्यात बसून राहिलो. चेहरा पाहिला नाही, कागदावर सही केली नाही, सगळं तिच्या आईने एकटीने केलं. तिने मला तेव्हा एक शब्द सुनावला नाही. महिन्याभराने ती भावाकडे राहायला गेली.
संपलेल्या मुलाची ओळ यादीत का राहते, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. पालकाने विचारायचं असतं, की बाळा, कसा झाला तुझा शेवट? तो विचारत नाही तोवर नाव जात नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
विचारलं नाही. बंद करण्याचा हुकूम दिला. काही झालं नाही. मेलेल्याला मारता येत नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, बाई संतापल्या. ओळ आहेच.
चार वाजून दहा मिनिटांनी मशीन टुंग वाजलं. थांबून पुन्हा. सात वेळा.
काका दारात आले. म्हणाले, "साहेब, तुमच्या खोलीत फोन वाजतोय. उचलत का नाही?"

१७ फेब्रुवारी, सोमवार
आता सात ओळी. सगळ्या ठमी.
तिच्या आईला फोन केला. वेडा ठरवेल असं वाटलं होतं. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "तुला कधी सांगितलं नाही मी. शेवटपर्यंत विचारत होती, बाबा निघाला का. मी हो म्हणत राहिले."

१८ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार
विचारायचं ठरवलं. एका ओळीचं काम. मूल संपलेलं असेल तर उत्तर लगेच येतं.
पहिली — उत्तर शून्य. सुखरूप संपली. ओळ गेली.
दुसरी, तिसरी. सगळ्यांचं शून्य. डोळ्यांपुढे अक्षरं नीट दिसत नाहीत.
सहा गेल्या.
सातवी — उत्तर येत नाही. उत्तर येत नाही म्हणजे ती अजून —
दुसऱ्या खिडकीत यादी काढली. स्थिती बदललीय. चालू. वाट पाहत आहे.
सोळा महिने. बाळा, सोळा महिने —

३.५५
यादीत खाली आणखी एक ओळ आली. माझं नाव. स्थिती: संपलेला.
पालक: ठमी.

४.०५
काका आत आले. माझ्या अगदी समोर उभे. खुर्चीकडे पाहिलं, चहा टेबलावर ठेवला, जिन्याकडे तोंड करून बाईंना विचारलं, साहेब कुठे गेले.
मी हाक मारली. पुन्हा मारली. ते दार ओढून गेले —
टाक्यांवर ऊन आहे. मला त्याची ऊब —

४.१०
वाजतंय. उचलतो. ठमे, मी आहे गं, मी इथेच — तू विचार. मला विचार ना, कसा — तू विचारल्याशिवाय मला निघता ये