दादाच्या इंजिनातली चिप

२ फेब्रु. २००८
दादाचं ऑपरेशन ठरलं. छाती उघडणार. १५ ला सकाळी, ठाण्याला. डॉक्टरांनी वहिनीला वेगळं बोलावून सांगितलं, वहिनीने मला जिन्यात. दादा मात्र घरी आल्या आल्या खोकं उघडून बसला. नितीनने दुबईहून बापासाठी पाठवलेलं छोटं इंजिन, रुळांचं कडं, हातात धरायचा कंट्रोलर आणि दोन चिपा. चिप आत बसवली की इंजिन कंट्रोलरचं ऐकतं, एरवी नुसता ठोकळा. जन्मभर रेल्वेची इंजिनं हाकलेला माणूस हे मांडीवर घेऊन बसलाय. म्हणे ठाण्याला जायच्या आधी हाकणार. बसवून देणार कोण? मी. पॉवरलूमच्या मोटरींचं वाइंडिंग करणारा.

५ फेब्रु.
झाकण काढलं. मोटर सुपारीएवढी, वायरी केसासारख्या. नितीनचा फोन. काका, एक चूक झाली की चिपेतून धूरच. बरं झालं सांगितलंस बाबा, आता तर हात लावायलाच नको वाटतं. चिपेसोबतच्या कागदावर ठळक लिहिलंय, मोटर इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला कुठेही लागता कामा नये. वाचून घेतलं.

८ फेब्रु. शुक्रवार
लूमला सुट्टी, गल्ली गप्प. अशा शांततेत जास्तच भीती वाटते. चिपेच्या वायरी जोडल्या, लाल-काळी रुळाकडून, नारिंगी-करडी मोटरला. दादा आतल्या खोलीत आडवा झाला होता, म्हटलं आधी आपण बघू. बटण दाबलं. चिर्र. जळका वास. चिपेला बोट लावलं तर चटका.

मग दिसलं. मोटरच्या पत्र्यापासून सांगाड्याला एक बारीक वायर. मीच टाकलेली, कधी ते आठवत नाही. लूमची मोटर बसवताना बॉडीला अर्थिंग दिल्याशिवाय हात थांबत नाही, तसा इथेही थांबला नाही. इथे सांगाड्यात रुळाचा करंट असतो. तो मोटरमधून उलटा चिपेत गेला.

आतून दादाने विचारलं, काय जळतंय. उदबत्ती, म्हणालो. भर दुपारी उदबत्ती!

९ फेब्रु.
झोप नाही. डोक्यात एकच, जशी चिप गेली तसं दादाचंही... नको. लिहायचंच नाही.

१० फेब्रु.
सांगून टाकलं. दादाने ती वायर बोटांत धरून बघितली.
“बाळ्यामुळं केलंस ना?”
बाळ्या आमचा धाकटा. अर्थिंग नसलेल्या लूमला चिकटून गेला, विशीसुद्धा ओलांडली नव्हती. तेव्हापासून माझ्या हातून एकही मोटर अर्थिंगशिवाय सुटलेली नाही. मी मान हलवली.
“ह्या इंजिनानं कोन मरत न्हाय. काढ ती.”
मग म्हणाला, मलापन भ्या वाटतंय. दादाच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. चहा टाकतो म्हणून उठलो.

१२ फेब्रु.
ती वायर काढून दुसरी चिप बसवली. ही गेली की संपलं. जन्मभर मोटर आणि बॉडी जोडलेली दाखवत मीटर वाजला की जीव भांड्यात पडायचा, अर्थिंग लागलं म्हणून. आज वाजू नये म्हणून देव पाण्यात ठेवले. मीटरचं एक टोक मोटरला, एक सांगाड्याला. गप्प. मीटरच बिघडलाय की काय? त्याचीच टोकं एकमेकांना लावली, वाजला. म्हणजे बरोबर. तरी पुन्हा एकदा लावून बघितली.

१३ फेब्रु.
सकाळभर लाईट नव्हती. आल्यावर आधी थोड्याच करंटवर चाचणी. कंट्रोलरने चिपेला नंबर विचारला. इंजिन जागच्या जागी हललं आणि कंट्रोलरवर चिपेचा नंबर उमटला, ३. चिप जिवंत! पण पूर्ण करंटवर टिकेल का, ते चालवल्याशिवाय कळणार नाही. दादाला हाक मारली. त्याने रुमालाने इंजिन पुसलं, रुळावर ठेवलं, कंट्रोलर हातात घेतला. आणि थांबला.
“आल्यावर.”
तूच म्हणाला होतास ना, जायच्या आधी?
“गाडी हाकून झाली तर मंग परत यायला काय राह्यलं?”

१४ फेब्रु.
भरती केलं. निघताना दादाने बॅगेत कपड्यांवर कंट्रोलर ठेवला. वहिनी वैतागली, दवाखान्यात हे कशाला. म्हणाला, घरी ठेवला तर हा चालवून बघल. माझा विचार तोच होता.

१५ फेब्रु.
सकाळी आत नेलं. दारापाशी कंट्रोलर माझ्या हातात दिला. “बटन दाबू नको.” हसला नाही.

वहिनी जप करतेय. मी हे नितीनला पाठवायच्या पत्राच्या पाकिटामागे लिहितोय, घरी गेल्यावर वहीत उतरवीन. दार उघडलं की दोघंही उठतो. दर वेळी दुसऱ्याच कुणाचं नाव. इंजिन तिकडे भिवंडीला, घरी रुळावर. इथून काही चालणार नाही, जळणारही नाही, माहीत आहे. तरी मघापासून अंगठा बटणापासून लांब धरून बसलोय.