पहिलीचा टाक

आत्याबाई, तुमाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. सासू म्हणून तुमी मला जे जे बोललात त्यातलं निम्मं मी विसरून गेले, पण आज तुमच्याशी बोलल्याबिगर चैन न्हाई. तुमचा नातू सकाळीच गाडी घेऊन जिंतूरकडं आपल्या गावाला गेलाय. ज्या गावाचं नाव तुमी घरात काढू दिलं न्हाई, त्याच गावाला. दुपार कलली, अजून आला न्हाई. त्याच्याच कादंबरीचे रद्दी कागद पडलेत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायलेय. माझी शाळा चौथीची, अक्षर बघण्यासारखं न्हाई. तुमाला तर तेबी येत न्हवतं, तवा नावं ठेवू नका.

तो परभणीला कॉलेजात इतिहासाचा प्रोफेसर झाला हे बघायला तुमी राहिला न्हाईत. यंदा रिटायर व्हायलाय. पाच कादंबऱ्या झाल्या. जुने सरदार, गढ्या, निजामाच्या वेळचे तहसीलदार, सगळे त्याच्या पुस्तकात उठून बोलतात. भाषणाला कुठंबी बोलावलं तरी सांगतो, कागद हातात आल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. दप्तरं बघायला पार हैदराबादेपर्यंत जाऊन आला, धुळीनं डोळे खराब करून घेतले. एवढा कागद मागणारा माणूस, पण तुमाला कागद मागितला न्हाई. आजीवर त्याचा लय भरोसा.

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधला स्वयंपाक आठवतो का? मी भाकरी थापायलेय, तुमी सुपात तूर निवडायलात. तो चार-पाच वर्षांचा. माझ्या गळ्यातला चांदीचा टाक मुठीत धरून विचारतो, "ही बाई कोण?" माझा हात पिठातच थांबला. तुमी सुपातून मानबी वर केली न्हाई. म्हणालात, "तुझ्या पणजीची पणजी. घोड्यावर बसून गढी राखली तिनं, तिथंच पडली." तव्यावरची भाकरी करपली. "भाकरीकडं बघ," तुमी मला म्हणालात. एवढंच. त्या दिवसापासून रोज त्याला घोड्यावरच्या बाईची गोष्ट लागायची, आणि तुमी रोज नवीन काहीतरी जोडायचात. घोडा कधी पांढरा, कधी काळा. त्याची पहिली कादंबरी तीच. वर टाकाचा फोटो छापला, आत लिहिलं, आजीनं सांगितलेली गोष्ट.

आता तिची नवी आवृत्ती निघायलीय. मागं टिपा जोडायच्यात म्हणून त्यानं टाक दोन दिवस मागून नेला. न्हाई म्हणले असते तर जास्त विचारलं असतं, म्हणून काढून दिला. साठ वर्षांनी गळा मोकळा झाला. छातीवर तेवढ्याच आकाराचा फिकट डाग राहिलाय, तिथं सारखा हात जातो.

बेस्तरवारी संध्याकाळी तो आला आणि चप्पल न काढता बाजेच्या कडेला बसला. असा तो कधी बसत न्हाई.

"आई, जिंतूरच्या सोनाराला दाखवला. म्हणतो, हा सवतीचा टाक. पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात घालतात, पहिलीनं छळू नये म्हणून. त्याच्या बापाच्या हातचं काम आहे म्हणे."

"सोनाराला चांदी कळती. बाया कळत न्हाईत."

"म्हणजे बाबांचं आधी लग्न झालं होतं?"

"चहा ठेवू का?"

"मी विचारायलोय काय, तू बोलायलीस काय. तिला मूल होतं का?"

मी चहा ठेवायला उठले. मागून तो हळूच म्हणाला, "रविवारी गावाला जाऊन येतो. तिथली सुईण अजून आहे. नव्वदीची झाली, पण तिला सगळी बाळंतपणं आठवतात."

"जा. जेवून जा," मी म्हणले. दुसरं काय म्हणणार?

तिला आठवणारच. तिच्याच हातावर तो जन्मला. आमाला माय न्हवती, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, बाळंतपण तुमच्या घरी, आणि पाणी तापवायला मी आलेली, पंधरा वर्षांची. चौथ्या दिवशी अक्काचं अंग विस्तवासारखं झालं. सुईण म्हणाली, दवाखान्यात न्या. गाडी जुंपली, गाडीत गोधडी अंथरली. आणि तुमी दारात आडव्या झालात, पाचवी पुजल्याबिगर बाळंतीण उंबरा ओलांडत न्हाई. दुसऱ्या दिवशी सटवाईपुढं कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवली, पोराचं नशीब लिहायला. दिवस मावळायच्या आत अक्का गेली. तो कागद मी नंतर उलटून पालटून बघितला. कोराच व्हता. वर्ष व्हायच्या आत मला तिच्या जागी उभी केली, तिचा टाक गळ्यात घातला, तिचं लेकरू मांडीवर दिलं, आणि आपण सगळे पूर्णेला निघून आलो. माझ्या पोटी काही आलं न्हाई. त्यानं मला आई म्हणलं, मी म्हणू दिलं. लोकांच्या सात पिढ्या शोधून काढणारा माणूस, त्याला स्वतःची माय ठाऊक न्हाई. तिला त्यानं घोड्यावर बसवून मारली.

दारात गाडी थांबली. इंजिन बंद झालं, पण तो अजून उतरला न्हाई. खिडकीतून दिसतोय, स्टेरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसलाय.

खरं सांगते आत्याबाई, सगळं तुमच्यावर ढकलायचं म्हणून मी लिहायला बसले व्हते. पण दारात उभं राहून तुमी एकदाच म्हणालात, "सोड गं बैल." गाडीवान जागचा हलला न्हाई. सोडले मी. अक्का आतून बघत व्हती. सुईणबी तिथंच व्हती. कादंबरी आली तवा त्यानं मला वाचून दाखवली, आणि ती गढीतून घोडा फेकते ते पान मी तीनदा वाचायला लावलं. त्याला वाटलं, आईला आवडलं. तिथं तिला कुणी अडवत न्हाई, म्हणून.

त्याला कागद लागतो. कागद हा एवढाच हाय. त्याच्या हातात द्यावा म्हणून लिहीत आले, आणि आता घडी घालून पोलक्यात सारते, टाक व्हता तिथंच. गाडीचं दार वाजलं.