थंड चालणारा अँप्लिफायर परत पाठवण्याबाबत

मु. पो. अमडापूर, ता. चिखली
पौष महिना, थंडी भरपूर

श्री. साडूभाऊ तुळशीराम यांस पंजाबरावाचा सप्रेम नमस्कार.

आई कालपासून जेवायला लागली हे सगळ्यात आधी लिहितो, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही निवांत वाचाल. आमच्या मेहुणीबाईंचा, म्हणजे बेबीताईंचा, गुडघा कसा आहे? तेल कोमट करूनच चोळायचं, थंड नाही, हे त्यांना माझ्यातर्फे पुन्हा सांगा. तुमचा बीपी ताब्यात असेल अशी आशा आहे. (नसेल तर पुढचा मजकूर गोळी घेतल्यावर वाचावा.) फोनवर काही लांब लिहिलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, आणि हा विषय अंगठ्यात मावणारा नाही, म्हणून कागद घेतला.

तुम्ही कंपनीच्या अदलाबदलीत मिळवून दिलेला नवा अँप्लिफायर मी कालच्या ट्रॅव्हल्सने तुमच्याकडे पुण्याला परत पाठवला आहे. जुना मार्क वन मला परत का हवा, याचं कारण मी फोनवर "आवाजातला फरक" असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. आता सगळं क्रमाने लिहितो.

तुम्हाला माहीतच आहे, हे शास्त्र मला कोणी शिकवलेलं नाही. मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा तारेचा गेज, म्हणजे जाडी, बोटाने ओळखायला मी स्वतः शिकलो, आणि तुम्ही मार्क टू घेऊन मार्क वन इकडे पाठवलात तेव्हा त्याचा ट्रान्सफॉर्मर उघडून पाहणारा चिखली तालुक्यातला पहिला माणूस मीच असेन. (माहितीपुस्तकातली एक आकृती उलटी छापली आहे. मी कंपनीला कळवलं. त्यांनी आभार मानले, आकृती मात्र सुधारली नाही.) तेव्हापासून कंपनीचा प्रत्येक बदल मी तुमच्याइतक्याच बारकाईने पाहत आलो आहे. मार्क टू आला, मग मार्क टू स्पेशल, ज्यात फक्त बटणं सोनेरी होती. मग 'हेरिटेज' आला, म्हणजे आपला मार्क वनच, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावून दुप्पट भावात. आणि यंदाची ही नवी मालिका! समोर काचेमागे जुन्या रेडिओत असत तसे दोन व्हॉल्व्ह, देव्हाऱ्यातल्या समयांसारखे, आणि खरं काम मागे नखाएवढी चिप करणार. वीज कमी, वजन कमी, आणि मोठ्या अक्षरांत छापलेलं: 'पूर्णपणे थंड चालतो'. तुम्ही म्हणालात, पंजाबराव, ही संधी सोडू नका, जुना द्या, नवा घ्या. मी सोडली नाही. मार्क वन गोधडीत बांधून तुमच्याकडे रवाना केला आणि नवा कपाटावर मांडला.

त्याच आठवड्यात आईचं जेवण सुटलं.

आईला दात नाहीत. ती सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकर दह्यात कुस्करून खाते, दुसरं काही तिला लागत नाही आणि चालतही नाही. आणि दही कसं, तर चमचा उभा राहिला पाहिजे, कापलं तर वडी पडली पाहिजे. (घरात बारकावे पाहण्याची सवय माझ्यापासून सुरू झाली असं लोक समजतात. तसं नाही.) आता घरात दही लागेना. गाडगं कणगीत पुरलं, चादरीत गुंडाळलं, बंद डब्यात कोंडलं. कधी नुसतंच आंबट दूध, कधी तारा सुटलेलं. आईने बोट बुडवून पाहिलं आणि वाटी सरकवली. "हे दही नाही बे, डिंक हाय. पतंगाले लाव." दुकानातलं प्लास्टिकच्या डब्यातलं आणलं, तर म्हणाली, "हे दवाखान्यातलं वाटते." आणि मग नुसतं पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून निजायला लागली. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, खायला घाला. मी म्हटलं, साहेब, तेच तर होत नाहीये.

मी तपास हाती घेतला. म्हशीचं चारापाणी पाहिलं. दुधाचं तापमान मोजलं. विरजण शेजारच्या कोकिळाबाईंकडून नवीन आणलं. शेवटी तुमच्या मेहुणीला, सुचिताला, जरा चढ्या आवाजात विचारलं, की तीन हिवाळे बरोबर लागणारं दही याच हिवाळ्यात काऊन बिघडलं? तुझ्या हाताला झालं तरी काय?

त्यावर ती म्हणाली, "माह्या हाताले काय व्हते? तुमच्या मशीनले झालं. ते आता गरम नाही होत."

साडूभाऊ, मी उठून नव्या अँप्लिफायरच्या पाठीवर तळहात टेकवून पाहिला.

तुम्हाला आठवत असेल, मी तुम्हाला कौतुकाने लिहिलं होतं, की गाणी ऐकण्याआधी व्हॉल्व्ह तापले पाहिजेत हा माझा नियम सुचिताने असा अंगी बाणवला आहे, की मी दुकानातून संध्याकाळी येतो तेव्हा अँप्लिफायर आपोआप ऊन असतो. पुण्याच्या भल्याभल्यांच्या घरी यंत्राची एवढी समज नाही, असंही लिहिलं होतं. तर ती समज अशी, की मी सकाळी दुकानात गेलो की ती मार्क वन चालू करायची, ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टोपीवर दुहेरी फडकं, फडक्यावर गाडगं. दुपारपर्यंत दही. संध्याकाळी गाडगं हललेलं, यंत्र तापलेलं, नवरा खूश.

आता इतर गोष्टीही उलगडतात. टोपीवर पांढरट गोल खूण पडली होती. मी ती चुंबकीय क्षेत्राची कडा समजून फूटपट्टीने मोजली होती आणि कंपनीला सविस्तर कळवलं होतं. यंत्राला मधूनमधून आंबूस वास यायचा. तो व्हॉल्व्हमधला वायू झिरपत असावा, असं मी ठरवलं होतं. आणि व्हॉल्व्ह अकाली संपतात म्हणून तुम्ही माझ्या सांगण्यावरून कंपनीशी भांडून नवा संच फुकट आणला होता. (ते भांडण आपण जिंकलो होतो. ते जिंकलेलंच राहू द्यावं.)

"मले आधी सांगायचं ना," मी म्हटलं.

"सांगतलं असतं तं तुम्ही त्यावर गाडगं ठेवू देल्लं असतं काय?"

आत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी लगेच तुम्हाला फोन लावला, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, की परत घेतलेली जुनी मॉडेलं कंपनी फोडते, तांबं वेगळं काढते, आणि कंपनीचा माणूस तो खोका न्यायला येणारच होता, नेलाही असेल. साडूभाऊ, लोकांच्या जळालेल्या मोटरींतलं तांबं मी आयुष्यभर उपसत आलो. पण मार्क वनचं तांबं कोणी उपसावं, हे मला ऐकवेना. मग बेबीताईंनी तुमच्या हातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "पंजाबराव, खोका इथंच हाय. त्या माणसाले मी सांगतलं, घरात सोवळं हाय, वस्तू हलत नाही." देव त्यांचा गुडघा बरा करो.

काल चिखलीला ट्रॅव्हल्समधून खोका उतरवला. मांडीवर घेऊन ऑटोत बसलो. ऑटोवाला आरशातून म्हणाला, "काका, इन्व्हर्टर हाय काय?" मी म्हटलं, "हो." (माणूस नेहमीच अचूक असू शकत नाही.) घरी आल्यावर चालू केला. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. सुचिताने माझ्यासमोर, उघडपणे, गाडगं वर ठेवलं. मी फक्त फडकं चौघडी करायला लावलं आणि गाडगं व्हॉल्व्हपासून दूर, टोपीच्या मधोमध आणलं. संध्याकाळी आईने बोट बुडवलं आणि भाकर मागितली. मग आणखी मागितली. सुचिता चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मी धुराला दोष दिला, पण आमच्याकडे गॅस आहे.

असो. घरातून सर्वांचा नमस्कार. उत्तर जरूर लिहा, अंगठा नको.

आपला,
पंजाबराव

ता. क. बेबीताईंनी तो खोका का अडवून ठेवला असावा, याचा मी विचार करत होतो. मार्क वन इकडे आला तेव्हाच दोन्ही बहिणींचं फोनवर बरंच बोलणं झालं होतं, हे आत्ता आठवलं. तुम्ही सकाळी ऑफिसला गेल्यावर तुमचा मार्क टू कोण चालू करतं, हे एकदा पाहा. टोपीवर खूण असेल तर मोजू नका.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. आमची दुसरी म्हैस व्याली आहे आणि मार्क वनवर दोन गाडगी बसत नाहीत, मी मापं घेऊन पाहिली. नवा थंड अँप्लिफायर तुमच्याकडे पोचतोच आहे, तो तुम्ही ठेवा, उत्तम आहे, आणि मार्क टू इकडे पाठवा. पुण्यात थंडी ती काय असते? तिथे दही कशातही लागेल. हे बेबीताईंना तुम्ही सांगा, मी सांगणार नाही.

ता. क. तिसरा. आई विचारते आहे, मार्क टूची टोपी चपटी आहे का, का गाडगं कलंडेल. आवाजाबद्दल घरात कोणीच काही विचारलेलं नाही. आवाज चांगला आहे.