रविवारी उल्हास नदीत

कल्याण, ता. ३ नोव्हेंबर १९५४

प्रिय भगिनी मार्था हिस,
योहानदादाचा प्रभूमध्ये सलाम.

माझी प्रकृती उत्तम आहे. तुझा गुडघा कसा आहे?

येथील बाप्टिस्ट मंडळीचे पाळक शांतवनराव व त्यांचे मदतनीस डीकन धाकूराव कळव्याच्या मिठागरांतील मजुरांना शुभवर्तमान वाचावयास शिकवितात. मात्र तान्ह्या बालकाचा बाप्तिस्मा ते मानीत नाहीत. स्वतः विश्वास धरणाऱ्यानेच नदीत बुडी घ्यावी, असे त्यांचे मत आहे.

“मग माझ्या पाळक वडिलांनी मला दिलेला बाप्तिस्मा खोटा काय?” मी भर मंडळीत विचारले.

शांतवनराव म्हणाले, “काका, तो त्यांचा विश्वास होता. तुमचा कोणता?”

त्या प्रश्नाने मला आठ दिवस अन्न गोड लागले नाही.

येत्या रविवारी मी नदीत उतरणार आहे. तू रागावशील, हे जाणतो. तरी बाबांचे बाप्तिस्म्याचे पितळी पात्र कोणास देऊ नकोस; माझ्यासाठी जपून ठेव.

तुझ्या प्रार्थनेची गरज असलेला,
दादा