खालच्या रांगेतल्या पेट्या

बुधवार, दुपार

प्रिय ताई,

मागच्या पत्रात एक गोष्ट मी चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. खालच्या रांगेतल्या मधपेट्या शेजारच्या बागवाल्याच्या फवारणीमुळे गेल्या, असं मी कळवलं होतं. ते खरं नाही. औषधाने माशी मरते तेव्हा पेटीच्या दाराशी मेलेल्यांचा ढीग पडतो, हे आपल्या घरात बोलायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. दाराशी ढीग नव्हता. बाबा फवारणी म्हणाले आणि मी फवारणी लिहिलं. तू ते भावोजींना सांगितलं असशील, त्यांनी बाजारात चार जणांना. बागवाल्याचा यात काडीचा दोष नाही, एवढं त्या सगळ्यांच्या कानावर घाल.

हे माझ्या लक्षात येईतोवर इकडे व्हायचं ते भांडण होऊन गेलं होतं. बाबा कुंपणाशी जाऊन त्याला वाट्टेल ते बोलले. तोही काही गप्प बसणारा नाही. म्हणाला, "झाडं माझी, औषध माझं. तुमच्या माश्यांना इकडे यायचं आमंत्रण कोणी दिलं होतं?" बाबा तडक सरकारी कार्यालयात गेले आणि फवारणीवर कायदा आणा, माणसाला आपल्या बागेत मनाला येईल ते करू देता कामा नये, असं ठणकावून आले. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना सरकार आणि सासरची माणसं, दोन्ही लांबूनच बरी वाटतात. आज पाय कसे वळले कोण जाणे." मी हसले. आता त्या हसण्याचीही लाज वाटते, पण ते राहू दे. माझ्या लाजेबद्दल लिहायला मी बसलेले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी आणि बाबांनी खालच्या रांगेतली कडेची पेटी उघडली. तिच्यात अजून माश्या होत्या, पण थोड्या, आणि सुस्त. चौकट वर काढल्यावर आधी वास आला. उन्हात राहिलेल्या सरसासारखा. अळ्यांवरची मेणाची झाकणं खोलगट झाली होती, काळपट, मधेच भोक पडलेली. मीच खिशातून आगकाडी काढली. आठवतं ना, शाळेत जायच्या आधी त्यांनी आपल्याला अंक शिकवले ते चौकटी मोजून, आणि आत्याने अक्षरं शिकवली ती मधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून? काडीची परीक्षाही तेव्हाचीच. घरात रोग नव्हता, तरी बाबांनी चिकात काडी बुडवून दाखवली होती, कशी तार निघते ते. मी काडी पोळ्यातल्या एका घरात घातली, जराशी फिरवली आणि हळू ओढली. तार निघाली. तपकिरी, बोटाच्या पेराएवढी लांब, तुटेचना.

बाबांनी माझ्या हातातली काडी घेतली, विजारीला पुसली आणि म्हणाले, "ऊन लागलंय." चौकट परत ठेवली, झाकण लावलं, वर दगड ठेवला. ताई, मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना माझ्याआधी कळलं होतं. कदाचित खूप आधी.

अळ्या कुजण्याचा हा रोग निघाला की लगेच कळवायचं, एकही पेटी हलवायची नाही, हा नियम आहे. मग तपासनीस येतात, रोगट पेट्या माश्यांसकट खड्ड्यात जाळतात आणि आसपासच्या सगळ्यांच्या पेट्या उघडून बघतात. बाबांना हे पुस्तकातून वाचायची गरज नाही. त्यांचं लग्न व्हायच्या आधी आजोबांच्या सगळ्या पेट्या अशाच जाळल्या होत्या. रोग एका पेटीत होता, जाळल्या सगळ्या. बाकीच्या धडधाकट होत्या, हे पुढे कार्यालयातल्याच माणसाने चहा पिता पिता सांगितलं. क्षमा मागायला कोणी आलं नाही. आजोबा त्यानंतर अंगणाकडे पाठ करून बसायचे, हे बाबांनी मला आता पहिल्यांदा सांगितलं. म्हणाले, "साहेबांच्या हातात काडीपेटी दिलीस की ते एक पेटी बघत नाहीत, रांग बघतात."   त्या वेळी कार्यालयाचं चुकलंच होतं.

पण दुसरीकडून असंही मनात येतं की त्या खड्ड्यानंतर आपलं सगळं बालपण सरलं, तरी या भागात पुन्हा तार निघाली नाही. ते बाबांच्या निगुतीमुळे की त्या जाळण्यामुळे? मी रोज याचा हिशेब मांडते आणि रोज उत्तर वेगळं येतं. बहुधा दोन्हीमुळे. बहुधा असं काहीच नसतं, ज्याचं श्रेय एकालाच द्यावं.

बाबांचं म्हणणं असं, की कडेची पेटी आपणच संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, जाळू, खड्डा बुजवू, विषय संपला. "माझ्या पेट्या, माझ्या माश्या. मी कोणाचं काय घेतलंय?" मी म्हटलं, बागवालाही झाडांबद्दल हेच म्हणत होता. ते उठून गेले. दोन दिवस जेवताना आईमार्फत मीठ मागत होते. मी त्यांचं ऐकलंही असतं, जर ती एक पेटी जाळणं पुरेसं असतं. पण पुरेसं नाही. पेटी अशक्त झाली की धट्ट्याकट्ट्या माश्या तिच्यातला मध लुटून नेतात, आणि मधाबरोबर रोग. लुटायला कोण कोण आलं हे आपण कसं सांगणार? वळणावरच्या शिंपीणबाईंच्या गच्चीवर एकच पेटी आहे. नवरा गेल्यापासून त्या शिवण बाजूला ठेवून दुपारी तिच्याजवळ जाऊन बसतात. त्यांची माशी आमच्याकडे येऊन गेली असेल, तर त्यांना कळायला नको का? आपल्या पेटीचं झाकण लावायचं स्वातंत्र्य बाबांना आहे, मान्य. पण शिंपीणबाईंच्या पेटीत काय शिरलं असेल हे त्यांच्यापासून लपवायचं स्वातंत्र्य बाबांना कोणी दिलं?

काल मी बाबांना सांगितलं. ते नव्या पेट्यांना रंग देत होते. म्हटलं, बाबा, तुम्ही स्वतः जाऊन कळवा. तुम्ही गेलात तर ती तुमची गोष्ट राहील, काय जाळायचं, काय तपासून ठेवायचं यावर तुम्ही भांडू शकाल, आजोबांच्या वेळचं तोंडावर सांगू शकाल. रविवारपर्यंत मी थांबते. मग मी जाईन. त्यांनी कुंचला डब्यात बुडवला आणि म्हणाले, "मोठी असती तर असं बोलली नसती." तेव्हापासून ते रंगच देतायत. एकाच पेटीला तिसरा हात चाललाय. मला वाटत नाही ते जातील.

मोठी असती तर काय बोलली असती, हे आता तुलाच ठरवायचंय, आणि म्हणून हे पत्र. भावोजींनी कारखाना सोडला आणि तुम्ही इथून चार पेट्या नेल्यात, त्या दिवशी बाबांना काळजी लागली होती, की वाटेत माश्या उपाशी राहतील, नव्या जागी लगेच फुलं मिळणार नाहीत. म्हणून त्यांनी प्रत्येक पेटीत मधाने भरलेली एकेक जादा चौकट घातली. सगळ्यात जड बघून. मी धरायला होते. त्या चौकटी खालच्या रांगेतल्या पेट्यांमधल्या होत्या. त्या पेट्यांतल्या माश्या फवारणीच्या कितीतरी आधी, थंडीतच संपल्या होत्या आणि मध तसाच राहिला होता; अन्न वाया घालवायचं नाही म्हणून बाबांनी त्याच चौकटी घेतल्या. मला वाटतं बाबा हेच लपवतायत, पेट्या नाहीत. तुझ्या संसाराला त्यांनी हाताने काय दिलं, हे त्यांना स्वतःलाही ऐकवत नाही. तू पेट्या उघड, काडी घालून बघ. तार निघाली तर एकही पेटी हलवू नका, विकू नका, भावोजींना गुपचूप जाळूही देऊ नकोस. तिथल्या कार्यालयात तुम्ही आधी गेलात तर बरं. तुमच्याकडे दुसरं काही नाही, हे मला माहीत आहे. इथून कुठे पेट्या गेल्या, असं मला विचारतील, आणि मी तुझं नाव सांगणार आहे. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढंच मला करता आलं. रागव, पण पेट्या आधी बघ. बाबा गेले नाहीत तर मी सोमवारी, अकरा तारखेला, सकाळी कार्यालय उघडताच जाणार आहे.

तुझीच,
धाकटी