प्रेमिलाच्या गोळ्या आणि माझी हिंमत

३० जून १९७४
आज मोठा निर्णय. तीन लेकरं झाली, आता बस. ऑफिसातला रुपराव नसबंदी करून आला अन् लगेच सायकलवर फिरून राहिला. मलेही चल म्हणे. भीतीचा प्रश्नच नाही, पण शिकलेल्या माणसानं सायन्स पाहावं. सायन्स म्हणते गोळ्या. त्या प्रेमिला खाईल.

२ जुलै
कुटुंब नियोजन केंद्रात गेलो. सिस्टरनं विचारलं, बाईच्या पायाच्या शिरा फुगतात का? प्रेमिला तोंड उघडणार तेवढ्यात मी 'काही नाही' म्हणून टाकलं. बाळंतपणात फुगल्या होत्या, पण ते जुनं. उगाच नाट लागला असता.

२५ जुलै
प्रेमिलाले मळमळ. डोकं ठणकते म्हणते. बाम आणून दिला. सुरुवातीले होतेच असं.

५ सप्टेंबर
आई पंचांग घेऊन बसली. सुनेची पाळी नेमकी महालक्ष्म्यांत येते. बाजूला बसली तर पुरण कोण शिजवणार? मी तोड काढली. पाकिटात शेवटी तपकिरी गोळ्या असतात, त्या खाताना पाळी येते. तपकिरी फेकल्या, नव्या पाकिटातल्या पांढऱ्या चालू. सिस्टरले विचारायची गरज काय? आई म्हणे पोरगा हुशार आहे.

२४ सप्टेंबर
महालक्ष्म्या निर्विघ्न. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सारं प्रेमिलानं एकटीनं केलं. डावी पोटरी दुखते म्हणते. दिवसभर उभं राहिल्यावर होणारच. मी स्वतः तेल लावून चोळून दिली. असा नवरा अख्ख्या महाल मोहल्ल्यात दुसरा नसेल.

२५ सप्टेंबर
पोटरी सुजली, गरम लागते. तेलाची ऊब. पुन्हा चोळली, जरा जोरात.

२६ सप्टेंबर, सकाळी
पाय खांबासारखा झाला. जिना चढून आली अन् तिले दम लागला. मी शांत होतो. फक्त शर्टाच्या गुंड्या लागत नव्हत्या, त्या तिनंच लावून दिल्या. रिक्षा बोलावली.

दुपारी, दवाखान्यात
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. गोळ्यांनी होऊ शकते. फुगणाऱ्या शिरा असताना गोळ्या दिल्या कोणी? मी पंख्याकडे पाहिलं. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो म्हणे. मग विचारलं, पाय चोळला कोणी?
प्रेमिला म्हणाली, "मीच चोळला."

२७ सप्टेंबर
ती खोकली की माझा जीव खालीवर होते. नर्स धावली की मी उभा. लहानगं घरी आईजवळ रडून राहिलं. मले भेव वाटते. हे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. खूप भेव वाटते. ही वाचली तर दुसऱ्याच दिवशी नसबंदीले नाव देतो. देवा, पक्कं.

९ ऑक्टोबर
घरी आणली. सूज उतरली. गोळ्या जन्मभर बंद. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहून सांगितलं, आता तुमची पाळी. मी हो म्हटलं. आज बुधवार, मोडका आठवडा. सोमवारी पाहू.

१४ ऑक्टोबर
ऑफिसात इन्स्पेक्शन. कामचुकारपणा मले जमत नाही.

२१ ऑक्टोबर
गेलो. रुपराव संगतीनं होता. टेबलापर्यंत पोचलो, हे लक्षात ठेवावं. कंपाउंडरनं सुई वर धरून पिचकारी उडवली. पुढचं आठवत नाही. रुपरावनं रिक्षात घालून घरी आणलं. रिकाम्या पोटी गेलो त्याचा परिणाम.
शुद्धीवर आलो तेव्हा खाटेवर होतो. प्रेमिला पाटावर, पट्टी बांधलेला पाय लांब करून बसलेली. पदरानं मले वारा घालून राहिली होती. मी म्हटलं, पुढच्या हप्त्यात नक्की.
"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाले भेव वाटते, मले पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर खाल्ल्या गोळ्या. पाय बरा झाला की मीच ऑपरेशन करून घेतो."
मी नाही म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. तेवढ्यात तिनं चहा आणला.